दोन पायांचा हिशेब

लंगडीचा खेळ आपणांपैकी बहुतेकांनी लहानपणी खेळलेला आहे. एक पाय उचलून धरावयाचा, दुसऱ्यावर उड्या घेत समोरच्या गड्यांना बाद करावयाचे, आणि उचललेला पाय भुईला लागला किंवा मध्येच पाय बदलला की स्वतः बाद व्हावयाचे, एवढाच त्याचा कायदा. बेळगाव-निपाणीच्या भागात अंगणात घरे आखून मुली ठिकऱ्या खेळतात. शेजारच्या कानडी घरांतील मुली त्याच खेळाला ‘कुंटे बिल्ले’ म्हणतात. नाव निराळे, पण एका पायावरची उडी तीच. या खेळांत प्रत्येक मूल एक गोष्ट कोणी न शिकविता करते. डाव सुरू होताच ते नेहमीचाच एक पाय उचलते आणि नेहमीच्याच दुसऱ्या पायावर उभे राहते. आपला भरवशाचा पाय कोणता, हे त्याला पुरते ठाऊक असते.

आज मला ज्या विषयावर बोलावयाचे आहे, त्याचे मूळ या एवढ्याशा गोष्टीत आहे. आपले दोन पाय दिसावयास जुळे असले, तरी ताकदीने क्वचितच सारखे असतात. उड्यांचा व्यायाम देताना ज्या शिक्षकाने हा फरक पाहिला नाही, तो नकळत बळकट पायाला अधिक बळकट करतो आणि दुबळ्या पायाला धोक्यात लोटतो.

हा विषय सीमाभागातील श्रोत्यांपुढे मुद्दाम मांडावा असे मला वाटले, त्याला कारण आहे. हा मुलूख तालमींचा आहे. बेळगावचा आनंदवाडीचा आखाडा कुस्तीशौकिनांना परिचित आहे. तेथील लाल मातीने मराठी आणि कानडी पैलवान असा भेद कधी केला नाही. १९६४ साली टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय हॉकी संघात बेळगावचे बंडू पाटील होते. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे रेजिमेंटल सेंटर याच शहरात असल्यामुळे सैन्यभरतीची ओढ इथल्या खेड्यापाड्यांत पिढ्यान्‌पिढ्या आहे. पहाटे बेळगावभोवतालच्या किंवा निपाणीकडच्या रस्त्यांवर धावणारी मुले दिसतात, त्यांतील कित्येक भरतीची तयारी करीत असतात. निपाणी शहर कर्नाटकात आणि त्याला खेटून असलेले अर्जुननगरचे देवचंद महाविद्यालय कोल्हापूर जिल्ह्यात, अशी या भागाची रचना आहे. मैदानावर उतरणाऱ्या मुलाला मात्र आपण कोणत्या राज्यात उडी मारतो आहोत याचा विचार करावा लागत नाही.

या मुलांच्या हाती आता मोबाइल आला आहे. त्यावर परदेशी खेळाडूंच्या उड्या पाहावयास मिळतात: उंच पेटीवरून खाली उडी, लगेच दुसऱ्या पेटीवर उडी, अडथळ्यांवरून सलग उड्या. पाहणाऱ्याचे रक्त सळसळते. दुसऱ्या दिवशी शाळेच्या कट्ट्यावरून किंवा बांधावरून तोच प्रयोग सुरू होतो. त्या परदेशी खेळाडूने या उड्यांपूर्वी वर्षानुवर्षे केलेली मशागत चित्रात दिसत नाही. नांगरट न करता पेरणी केली तर काय उगवते, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. खेळाडूला मात्र ते सांगावे लागते.

प्रथम उडी म्हणजे काय ते पाहू. मुलांच्या हातातील बेचकी आपण पाहिली आहे. रबर मागे ताणले आणि ताणल्याबरोबर सोडले की खडा सणाणत जातो. स्नायूंचे आणि त्यांना हाडाशी जोडणाऱ्या कंडरांचे काम पुष्कळसे असेच चालते. उडीपूर्वी आपण किंचित खाली दबतो. मांडीचे आणि पोटरीचे स्नायू ताणले जातात, टाचेवरची जाड कंडरा ताणली जाते, आणि त्याच क्षणी ती सर्व शक्ती उलट दिशेने बाहेर पडते. दबणे आणि उसळणे यांत जितका कमी वेळ जाईल तितकी ही शक्ती अधिक उपयोगी पडते. दबून तसेच थांबलो, तर बरीचशी वाया जाते.

या गुणाचा पद्धतशीर उपयोग करण्याचे श्रेय सोव्हिएत रशियातील प्रशिक्षक युरी वेर्खोशान्स्की यांच्याकडे जाते. १९६० नंतरच्या दशकात त्यांनी उंचावरून खाली उतरून लगेच वर उसळण्याचा व्यायाम शास्त्रशुद्ध रीतीने मांडला. जमिनीचा धक्का हेच शिक्षणाचे साधन, असा त्यामागील विचार होता. पुढे १९७५ साली अमेरिकेतील फ्रेड विल्ट यांनी अशा व्यायामांना ‘प्लायोमेट्रिक्स’ हे नाव दिले आणि ते जगभर रूढ झाले. परंतु वेर्खोशान्स्की हे व्यायाम पूर्वतयारी झालेल्या खेळाडूंना देत आणि मोजून-मापून देत, ही गोष्ट नावाबरोबर पसरली नाही.

धक्का किती असतो, याचीही कल्पना हवी. साधे धावताना प्रत्येक पावलागणिक शरीराच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार एका पायावर येतो. साठ किलो वजनाच्या मुलाच्या पायावर हा भार दीडशे किलोंच्या आसपास होतो. तिहेरी उडीत, वेगाने येऊन एकाच पायावर उतरताना, तो शरीराच्या वजनाच्या दहापटीच्याही वर जातो. हा भार पाय झेलतो तो डोळ्याचे पाते लवण्याइतक्या वेळात. तेवढ्यात विचार करून पाय सावरता येत नाही. स्नायूंना जे आधी शिकविलेले असेल तेच ते करतात.

आता दोन पायांच्या फरकाकडे वळू. दोन्ही पायांवर एकदम मारलेली बैठक किंवा उडी पाहून हा फरक सहसा दिसत नाही. घरात दोन भाऊ असावेत, एक कष्टाळू आणि एक अंगचोर. दोघांनी मिळून नांगर ओढला की शेत नांगरले जाते आणि बापाला वाटते, दोघेही राबतात. तसेच हे आहे. पाचशे बैठका मारणाऱ्या पैलवानाचा एक पाय त्यांतील जास्त वाटा उचलीत असला, तरी आकडा पाचशेच भरतो. रोज बैठका वाढतात, आणि रोज अंगचोर पायाची सवय पक्की होत जाते.

शिवाय प्रत्येक खेळ आपापल्या परीने हा फरक वाढवितो. पैलवान पवित्र्यात उभा राहतो तो बहुधा एकच पाय पुढे टाकून. कबड्डीत चढाई करणारा बोनस रेषेपलीकडे एक पाय टेकवितो, तेव्हा त्याचा दुसरा पाय हवेत असावा लागतो. हे कसब तो एकाच बाजूने घटवून घेतो. व्हॉलीबॉलमध्ये उजव्या हाताने चेंडू मारणारा खेळाडू पुष्कळदा एकट्या डाव्या पायावर खाली येतो. उंच उडी मारणारा दरवेळी एकाच पायाने उसळतो. नाशिक जिल्ह्यातील शेतकरी कुटुंबातला सर्वेश कुशारे २०२५ साली टोकियो येथील जागतिक स्पर्धेत २.२८ मीटर उडी मारून सहावा आला. जागतिक स्पर्धेत उंच उडीच्या अंतिम फेरीत पोहोचलेला तो पहिला भारतीय. अशा खेळाडूने सरावात उसळीच्या पायावर किती भार घेतला असेल, याची कल्पना करून पाहावी.

दोन्ही पायांची खरी परीक्षा घेणारा प्रकार म्हणजे तिहेरी उडी. तिच्यात पहिली झेप ज्या पायाने घ्यावयाची त्याच पायावर उतरावे लागते. दुसऱ्या झेपेत दुसऱ्या पायावर यावे लागते, आणि तिसरी झेप त्या दुसऱ्या पायाने घ्यावी लागते. म्हणजे बळकट पायाने दोन झेपा कितीही उत्तम घेतल्या, तरी अखेरचा हिशेब दुसऱ्या पायाला चुकवावा लागतो. बेंगळूरच्या हेन्री रिबेलोचे नाव या प्रकाराशी जोडलेले आहे. १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये १९ वर्षांचा हा तरुण अंतिम फेरीत पोहोचला, आणि त्याच्याकडून पदकाची आशा होती. पाळी येण्यापूर्वी त्याला थंड हवेत ताटकळावे लागले, आणि पहिल्याच उडीत त्याच्या मांडीमागचा स्नायू फाटला. एका क्षणात सर्व संपले. तेथे कारण मुख्यतः थंडावलेल्या स्नायूंचे होते, पायांतील फरकाचे नव्हे. परंतु उडी मारणाऱ्याचे भवितव्य एका पायाच्या एका स्नायूवर कसे टांगलेले असते, हे त्याहून स्पष्ट कोण सांगणार?

येथे एक शंका निघेल. दोन पायांत फरक असणे हा दोषच आहे काय? तर तसे नाही. आपण उजव्या हाताने लिहितो म्हणून डावा हात रोगी ठरत नाही. थोडाफार फरक निरोगी माणसातही असतो, आणि खेळाच्या गरजेमुळे तो वाढतो. एवढा फरक असला की दुखापत होणारच, असे संशोधनानेही निर्विवाद सिद्ध केलेले नाही. काही पाहण्यांत संबंध दिसतो, काहींत दिसत नाही. म्हणून दोन्ही पाय तराजूच्या पारड्यांप्रमाणे तंतोतंत सारखे करण्याचा हट्ट धरू नये. लक्ष द्यावयाचे ते तीन प्रसंगी: फरक मोठा असेल तर, दर महिन्याला वाढत असेल तर, आणि पूर्वी दुखापत झालेला पायच मागे पडत असेल तर. यांतील तिसरा प्रसंग सर्वांत गंभीर, कारण गुडघ्याच्या किंवा मांडीच्या पूर्वीच्या दुखापतीएवढी नव्या दुखापतीची खात्रीची सूचना दुसरी नाही.

मग हा फरक ओळखावा कसा? मोठ्या शहरांतील प्रयोगशाळांत त्यासाठी यंत्रे असतात. खेड्यातील शाळेला त्यांची वाट पाहण्याचे कारण नाही. आपली लंगडी येथे कामास येते. दुखापतीनंतर खेळाडू मैदानात परतण्यास योग्य झाला की नाही हे पाहताना जगभर जी चाचणी वापरतात, ती लंगडीचीच शास्त्रीय बहीण आहे. मैदानावर चुन्याने एक रेघ आखावी. मुलाला प्रथम दहा मिनिटे सावकाश धावावयास लावून अंग गरम करावे. मग त्याने रेघेमागे एका पायावर उभे राहून त्याच पायाने सलग तीन उड्या घ्याव्यात आणि तिसऱ्या उडीनंतर, दोन अंक मोजेपर्यंत, न डगमगता उभे राहावे. डगमगला तर ती उडी धरू नये. रेघेपासून टाचेपर्यंतचे अंतर मोजावे. प्रत्येक पायाला तीन संधी द्याव्यात आणि त्यांतील सर्वांत मोठे अंतर वहीत लिहावे.

समजा, उजव्या पायाने पाच मीटर अंतर काटले आणि डाव्याने चार मीटर चाळीस सेंटीमीटर. लहान अंतराला मोठ्याने भागून शंभराने गुणले की ८८ येतात. म्हणजे डावा पाय उजव्याच्या ८८ टक्के काम करतो. नव्वद किंवा त्याहून अधिक आकडा आला तर सामान्यतः ठीक समजतात. त्याखाली आला तर घाबरू नये, पण त्या मुलाला उंच उड्यांचा व्यायाम देण्यापूर्वी मागे पडलेल्या पायाकडे लक्ष द्यावे. हीच मोजणी दर सहा आठवड्यांनी करावी. एक चुन्याची रेघ, एक फीत आणि एक वही, एवढाच याचा खर्च.

या आकड्यावर आंधळा विश्वास मात्र ठेवू नये. दुखावलेल्या गुडघ्याचा मुलगा खुबा आणि घोटा यांच्या जोरावर अंतर भरून काढू शकतो, आणि आकडा चांगला दिसतो. दुसरी फसगत याहून सूक्ष्म आहे. समजा, दुखापतीपूर्वी एका मुलीचे दोन्ही पाय पाच मीटर जात होते. सहा महिन्यांच्या विश्रांतीनंतर एक पाय चार मीटर वीस आणि दुसरा चार मीटर गेला. हिशेबाने ९५ टक्के आले आणि सर्वांना आनंद झाला. वस्तुतः बसून राहिल्यामुळे तिचा चांगला पायही दुबळा झाला आहे, आणि दुबळ्याची तुलना दुबळ्याशी होऊन ९५ आले आहेत. दुखापतीपूर्वीचा आकडा वहीत असेल, तरच ही फसगत उघडकीस येईल. म्हणून मुले धडधाकट असतानाच मोजणी करून ठेवावी, असा माझा आग्रह आहे.

अंतराबरोबर उतरण्याची ढबही पाहावी. शिक्षकाने समोर उभे राहून मुलाच्या गुडघ्याकडे नजर लावावी. उतरताना गुडघा पायाच्या बोटांच्या रोखाने वाकला तर उत्तम. तो आतल्या बाजूस, दुसऱ्या गुडघ्याकडे झुकला तर समजावे की खुब्याभोवतालचे स्नायू आपले काम करीत नाहीत. गुडघ्याच्या आत हाडांना बांधून ठेवणारा जो पुढचा अस्थिबंध आहे, ज्याला डॉक्टर ‘एसीएल’ म्हणतात, तो पुष्कळदा अशा वेळी तुटतो, आणि तेही कोणाचा धक्का लागलेला नसताना. उडी मारून खाली येताना किंवा धावता धावता दिशा बदलताना गुडघा आत वळतो, ‘कट्’ असा आवाज होतो आणि खेळाडू कोसळतो. कबड्डी आणि खो-खो या दोन्ही खेळांत असे प्रसंग वारंवार येतात.

मुलींच्या बाबतीत ही दक्षता अधिक घ्यावयास हवी. तारुण्यात प्रवेश करताना त्यांची उंची आणि वजन वाढते, त्या मानाने मांडीमागच्या आणि खुब्याच्या स्नायूंची ताकद वाढत नाही, आणि सारख्याच खेळांत ही दुखापत त्यांना मुलांहून कितीतरी अधिक वेळा होते, असे दिसून आले आहे. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झालेल्या पहिल्या खो-खो विश्वचषकात भारताच्या महिला संघाने विजेतेपद मिळविले आणि महाराष्ट्राच्या प्रियांका इंगळे हिने त्या संघाचे नेतृत्व केले. सीमाभागातील अनेक मुलींच्या डोळ्यांपुढे आता ते चित्र असणार. त्या मैदानात उतरतील याचा आनंद मानावा; पण निमशहरी घरातील एखाद्या मुलीचा गुडघा एकदा तुटला, म्हणजे शस्त्रक्रियेचा खर्च, वर्षभराची खंड पडलेली शिक्षणाची आणि खेळाची वाट, आणि “पुरे झाला आता खेळ” हा वडीलधाऱ्यांचा निकाल, हे सर्व तिच्या वाट्याला येते. योग्य रीतीने उतरणे, एका पायाचा तोल आणि मांडीमागच्या स्नायूंची ताकद यांचा नियमित सराव करणाऱ्या संघांत अशा दुखापती लक्षणीय प्रमाणात कमी होतात, हे आता पुष्कळ पाहण्यांतून दिसले आहे. रोजची पंधरा-वीस मिनिटे त्याला पुरतात.

आता प्रत्यक्ष व्यायामाविषयी. याचा क्रम तीन पायऱ्यांचा असावा, आणि एकही पायरी गाळू नये.

पहिली पायरी उतरावयास शिकण्याची. उडी मारणे मुलांना शिकवावे लागत नाही. उतरणे शिकवावे लागते. शाळेच्या एका पायरीवरून, म्हणजे वीतभर उंचीवरून, मुलाला खाली उतरू द्यावे. चवड्यांवर यावे, मग टाच टेकावी, खुबा व गुडघे वाकवावेत आणि तसेच स्थिर राहावे. आवाज होता कामा नये. मांजर ओट्यावरून उतरते तसे उतरावे, एवढे सांगितले की मुलांना नेमके कळते. तालमीत हौद्याची मऊ माती असते, ती यासाठी फार चांगली; माती नसेल तर हिरवळ किंवा भुसभुशीत मैदान पाहावे. डांबरी रस्ता आणि फरशी वर्ज्य समजावी. दोन पायांवर उतरणे साधले म्हणजे मग एका पायावर.

दुसरी पायरी एकेका पायाला ताकद देण्याची. जोर-बैठकांना आमच्या परंपरेत जे स्थान आहे ते योग्यच आहे. त्यांच्या जोडीला एका पायाचे काम घालावे. बाकावरून एका पायाने उठणे आणि सावकाश बसणे. पायरीवर एक पाय ठेवून केवळ त्याच्याच बळावर वर चढणे. एका पायावर उभे राहून टाच उचलणे. उताणे पडून, एक गुडघा वाकवून, त्या पायाच्या टाचेवर भार देऊन कंबर वर उचलणे. यांत एक नियम कटाक्षाने पाळावा: आरंभ दुबळ्या पायाने करावा, आणि तो जितके करील तितकेच बळकट पायाने करावे, एकही अधिक नाही. बळकट पाय त्यामुळे मागे पडत नाही, आणि दुबळ्याला त्याच्या बरोबरीस येण्यास अवसर मिळतो. सहा ते आठ आठवडे हा क्रम चालवावा.

तिसऱ्या पायरीवर उड्या येतात. आधी जागेवरच्या, मग पुढच्या, मग एका पायाच्या. आठवड्यातून दोनच दिवस, आणि दोन दिवसांमध्ये निदान एक संपूर्ण दिवस मोकळा सोडून. नवशिक्याने एका दिवशी पाय जमिनीला शंभराहून अधिक वेळा आपटू देऊ नये. उडीची उंची कमी होऊ लागली किंवा उतरताना आवाज वाढला, की त्या दिवसाचे काम संपले असे समजावे; थकलेल्या पायांनी मारलेली उडी चुकीच्या सवयीचे शिक्षण देते. उंच पेटीवरून उतरून उसळणे हा तर शेवटचा धडा होय. वाढत्या वयाच्या मुलांना तो देण्याची घाई करू नये. तेरा-चौदा वर्षांच्या कित्येक मुलांच्या गुडघ्याखाली हाडाला उंचवटा येऊन तो दुखतो. झपाट्याने वाढणाऱ्या हाडावर कंडरेचा ताण पडत असल्याची ती खूण असते. त्या मुलाला ‘दुखणे विसर’ असे सांगणे म्हणजे शिक्षकाने आपले काम टाळणे होय.

सैन्यभरतीची तयारी करणाऱ्या तरुणांना एक वेगळा शब्द सांगावासा वाटतो. भरतीच्या मैदानी चाचणीत १.६ किलोमीटर धावणे आणि लोखंडी दांड्यावर छाती उचलणे यांबरोबर नऊ फुटांचा खंदक ओलांडणे असते. नऊ फूट म्हणजे सुमारे पावणेतीन मीटर. धडधाकट तरुणाला ते अवघड नाही. खंदकाच्या उडीला जादा गुण नसतात. ओलांडला की पुरे. असे असूनही कित्येक मुले महिनोन्‌महिने रोज त्याच पायाने, टणक जमिनीवर, पंचवीस-तीस उड्या मारतात. बारा फूट उडी मारण्याच्या ईर्ष्येने गुडघ्याची कंडरा सुजते, आणि ज्या धावण्याला गुण आहेत ते धावणेच बंद पडते. भरतीला वयाची अट असते. गेलेले वर्ष परत येत नाही. म्हणून खंदकाचा सराव आठवड्यातून दोनदा, मऊ जागी आणि दोन्ही पायांनी करावा. ऐन वेळी पाऊल चुकून दुसऱ्या पायाने उसळावे लागले, तर तो पायही तयार असलेला बरा.

ज्याचा एक पाय आज प्लास्टरमध्ये आहे, त्याच्यासाठीही दिलाशाची गोष्ट आहे. १८९४ साली अमेरिकेतील येल विद्यापीठात स्क्रिप्चर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असे आढळले की, शरीराच्या एका बाजूला व्यायाम दिला तर व्यायाम न दिलेल्या दुसऱ्या बाजूची ताकदही काही अंशी वाढते. पुढील संशोधनाने याला दुजोरा दिला आहे. स्नायूंना आज्ञा देणारे मज्जातंतू आणि मेंदू दोन्ही बाजूंना शिकतात, असा याचा अर्थ. म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याने चांगल्या पायाचा व्यायाम चालू ठेवावा. जायबंदी पायाची झीज त्यामुळे काही प्रमाणात आटोक्यात राहते. मात्र गुडघा सुजला असेल, मध्येच अडकत असेल, किंवा चालताना दगा देत असेल, तर तेल-मालिश आणि लेप यांत आठवडे न घालविता अस्थिरोगतज्ज्ञाला दाखवावे. तुटलेला अस्थिबंध चोळून जुळत नाही. उलट विलंबाने आतील गादीचेही नुकसान होण्याचा संभव असतो.

श्रोतेहो, आपल्या भागात जिद्दीला तोटा नाही. तालमीतील वस्तादांपाशी अनुभव आहे आणि शाळांतील शारीरिक शिक्षकांपाशी तळमळ आहे. उणीव आहे ती मोजून पाहण्याच्या सवयीची. दुकानदार रोजची जमाखर्चाची वही लिहितो, शेतकरी तंबाखूच्या बोदाचे वजन काट्यावर पाहूनच घेतो; मग मुलाच्या पायाचा हिशेब तेवढा अंदाजाने का ठेवावा? येत्या शनिवारी शाळा सुटण्यापूर्वी मैदानावर एक रेघ आखा, मुला-मुलींना आधी उजव्या आणि मग डाव्या पायाने तीन लंगड्या घालावयास लावा, आणि आकडे लिहून ठेवा. चाळीस मुलांत दोन-चार अशी निघतील, की ज्यांचा एक पाय दुसऱ्याच्या आड लपलेला आहे. त्यांना मैदानाबाहेर बसवू नका. त्या पायाला सहा आठवडे द्या आणि पुन्हा मोजा.